मीडियम साइजचा माणूस

"पोट आत ओढू नकोस," तोंडात टाचण्या धरून डेस्पिना म्हणाली. "श्वास सोड. मरशील एखाद्या दिवशी."

"मी कुठे पोट आत ओढलंय?" वॉरन म्हणाला, आणि एवढं बोलण्यापुरता श्वास सोडल्याबरोबर पोट आपलं आपण बाहेर आलं.

वॉरन टुली सिडनीत बस चालवायचा. मंगळवार त्याच्या सुट्टीचा, आणि सुट्टीच्या दिवशी शहाणी माणसं अंगभर कपडे घालून घरी बसतात. हा मात्र मॅरिकव्हिलमधल्या एका कारखान्याच्या माडीवर, भर जुलैच्या थंडीत, अननसांची नक्षी असलेली पोहायची चड्डी घालून लाकडी खोक्यावर उभा होता. माडीवर हीटर होता, पण तो लावला की शिवणयंत्रांचा फ्यूज उडायचा. यंत्रं वॉरनपेक्षा महाग होती, त्यामुळे कुडकुडायचं कोणी याचा निकाल फार पूर्वीच लागलेला होता.

डेस्पिना, कारखान्याची जुनी कटिंगवाली. तिने त्याच्या कमरेभोवती टेप फिरवला, एक डोळा मिटून सेंटिमीटरचा आकडा पाहिला आणि खड्या आवाजात म्हणाली, "एक्याऐंशी." टेबलाशी बसलेल्या सिएनाने मान वर न करता तो आकडा लॅपटॉपवर चढवला. गेली कित्येक वर्षं हा आकडा असाच म्हटला जात होता, आणि घरातल्या घड्याळाचे टोल जसे कुणी मोजत नाही, तसा तो कुणी ऐकतही नव्हता. "मांडीला जरा काचतंय," वॉरनने तक्रार केली. "इलॅस्टिक कडक आलंय या खेपेला," डेस्पिना म्हणाली, "सोडते थोडं." वॉरननेही दुजोरा दिला की हल्ली इलॅस्टिक पूर्वीसारखं येतच नाही.

हा उद्योग सुरू झाला तो वॉरन तरणाबांड असताना. मरुब्राच्या किनाऱ्यावर जीवरक्षकांचा क्लब आहे, तिथे तो अंघोळ करून बाहेर येत होता. ग्लेन पार्टरिज नावाचा एक खटपट्या माणूस दाराशी उभा होता. ग्लेनने नुकतंच आपल्या गॅरेजमध्ये पुरुषांच्या चड्ड्या शिवायला घेतलं होतं, पोहायच्या आणि आत घालायच्या. समुद्रात सूर मारणाऱ्या पक्ष्याचं 'गॅनेट' हे नाव त्याने मालाला देऊन टाकलं होतं आणि आता तो एका अंगाच्या शोधात होता. त्याने वॉरनला पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाला, "अरे, तुझ्यात काहीच विशेष नाही. खांदे मधले, कंबर मधली, बूडसुद्धा मधलंच. तूच हवास मला."

दुसऱ्या कुणी ग्लेनच्या कानाखाली आवाज काढला असता. वॉरनला मात्र बरं वाटलं. शाळेत तो मधल्या बाकावर बसून मधले मार्क मिळवत आला होता, क्रिकेटमध्ये सातव्या क्रमांकावर खेळायला जायचा आणि त्याला कुणी गोलंदाजी देत नसे. आपल्या मधलं असण्याचा कुणाला उपयोग होईल असं त्याच्या आईलाही कधी वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून गॅनेटचा मीडियम म्हणजे वॉरन. त्याच्या अंगावर चड्डी बसवायची, मग तिच्यावरून पुठ्ठ्याचा पॅटर्न कापायचा, आणि त्या पुठ्ठ्याला लहान-मोठं करून बाकीचे सगळे साइज काढायचे. क्लबातले मित्र त्याला "काय रे मीडियम" अशीच हाक मारू लागले. तो वरवर चिडायचा, पण ओ द्यायचा.

जाहिरातीत अर्थातच वेगळी पोरं असत. त्यांच्या पोटावर लादीपावासारखे चौकोन असत आणि अंगाला तेल असे. पण ती पोरं जी चड्डी घालून मिरवत ती बेतलेली वॉरनवरून, हे वॉरनला ठाऊक होतं आणि तेवढं त्याला पुरत होतं. पुढे किनाऱ्यावर आलेले परदेशी पाहुणे त्या चड्ड्या घेऊन आपापल्या देशी गेले. तिथल्या मित्रांनी मागितल्या, मग दुकानदारांनी मागितल्या. ऑस्ट्रेलियातली माणसं पाण्यातच जन्मतात अशी जगाची काहीतरी समजूत आहे, आणि त्यातलं थोडं पाणी आपल्याही कमरेला असावं असं ब्राझीलपासून जपानपर्यंत सगळ्यांना वाटू लागलं. वॉरनच्या पुतणीने एकदा बार्सिलोनाहून गॅनेटच्या भल्यामोठ्या फलकाचा फोटो पाठवला. वॉरनने तो बस डेपोत सगळ्यांना दाखवला आणि सांगितलं की हा जो पोरगा दिसतोय ना, त्याची कंबर माझी आहे. डेपोत त्यावर आठवडाभर हसणं चाललं.

जगाने गॅनेटला डोक्यावर घेतलं, पण त्याचा जाच वॉरनच्या ताटात उतरला. पूर्वी बरं होतं. हिवाळ्यात माप द्यायचं आणि उन्हाळ्यात, नाताळच्या सुमारास, पोट सुटेपर्यंत खायचं. आता इथला हिवाळा म्हणजे युरोपचा उन्हाळा आणि इथला उन्हाळा म्हणजे पुढच्या युरोपी उन्हाळ्याची तयारी. जगात कुठे ना कुठे कायम ऊन पडलेलं, आणि त्या उन्हापायी वॉरनच्या घरात बारमाही उकडलेली ब्रोकोली. त्याची बायको जनीन या प्रकाराला विटली होती. "कुणी जर्मन पाण्यात उतरणार म्हणून मी का घासफूस खायची?" ती विचारायची, आणि स्वतःसाठी तव्यावर सॉसेज टाकायची. मग तिचं लक्ष नसताना त्यातलं एखादं कमी व्हायचं. तिचं लक्ष असायचं, पण ती बोलायची नाही.

गेल्या दोन वर्षांत मात्र जगाकडून कौतुकाऐवजी कुरकुर येऊ लागली होती. मीडियम सैल होतो, असं सगळे म्हणत होते. ब्राझीलचा दुकानदार म्हणाला, लाट आली की गिऱ्हाईक एकीकडे आणि चड्डी दुसरीकडे. जपानच्या माणसाने फार नम्रपणे कळवलं की गिऱ्हाइकं अतिशय संतुष्ट आहेत, फक्त सगळी आता स्मॉल नेतात, आणि स्मॉलही हातात धरून चालतात. माडीवर यावर बरीच चर्चा झाली. ब्राझीलच्या लोकांना सगळंच दोन साइज लहान लागतं, जपानी मुळात किडकिडीत, आणि जर्मन लोक कपडे उकळत्या पाण्यात धुतात, असे निष्कर्ष निघाले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे सबंध पृथ्वीच वाकडी ठरली. यात सर्वात जास्त तापायचा तो वॉरन. "मला नीट बसते ना?" तो खोक्यावरून म्हणायचा. "मग मीडियम म्हणजे काय, हे या लोकांनी मला शिकवायचं?"

टाचण्या लावून झाल्यावर सिएनाने लॅपटॉप मिटला. ती ग्लेनची भाची, परदेशचा सगळा व्यवहार तिच्याकडे. तिने सांगितलं की पुढच्या मंगळवारी हाम्बुर्गहून लिंडमन बाई येतायत. त्यांची दुकानं आपल्या हातून गेली तर मागोमाग अर्धा युरोप जाईल. त्यांना मीडियम प्रत्यक्ष माणसाच्या अंगावर बघायचाय.

"बघू दे की," वॉरन म्हणाला. "मी काय पळून चाललोय?"

तो आठवडा त्याने पाल्यावर काढला. बसच्या केबिनमध्ये गाजरं चावत बसायचा आणि सुट्टे पैसे काढणाऱ्यांवर खेकसायचा. जनीनने एकदा समजावून पाहिलं की आता तू काही पंचविशीतला नाहीस, सोडून दे हा नाद. तो म्हणाला, "बस कुणीही चालवतं. जगाचा मीडियम एकच आहे."

लिंडमन बाई उंच होत्या, केस पिकलेले, बोलणं मऊ. त्या भांडायला आल्यासारख्या दिसतच नव्हत्या, त्यामुळे ग्लेन अधिकच धास्तावला. वॉरन नवी चड्डी घालून पडद्याआडून बाहेर आला आणि खोक्यावर चढला. चड्डी त्याच्या अंगावर अशी बसली होती की कुठे सुरकुती नाही, कुठे चिमटा नाही, जणू अंगाबरोबरच वाढलेली.

"आता सांगा," ग्लेन म्हणाला. त्याच्या जिवात जीव आला होता.

बाईंनी वॉरनभोवती एक संथ फेरी मारली. त्याने छाती पुढे काढली. त्यांनी विचारलं, "तुम्ही किती दिवस हे काम करताय, मिस्टर टुली?" या माडीवर त्याला मिस्टर कुणी म्हटलं नव्हतं. "अगदी पहिल्या चड्डीपासून," तो म्हणाला. ती पहिली चड्डी अजून आहे का, असं बाईंनी विचारलं, आणि ग्लेनने मोठ्या झोकात भिंतीकडे हात केला. त्याच्या टेबलामागे ती काचेच्या फ्रेममध्ये लावलेली होती. निळी, साधी, उन्हाने थोडी विटलेली. तेव्हाचा पुठ्ठा आणि आजचा पुठ्ठा यांत एका धाग्याचा फरक नाही, असं तो छातीठोकपणे म्हणाला.

"मग ती घालून दाखवाल का?" बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कुठेही खोच नव्हती.

ग्लेनने स्वतः फ्रेम उतरवून पाठीमागचे खिळे काढले. "जुनं कापड आहे," डेस्पिना म्हणाली. "फाटेल. राहू दे ना." तिचा आवाज इतका लहान आजवर कुणी ऐकला नव्हता, म्हणून कुणी ऐकलाच नाही. वॉरनने चड्डी घेतली आणि उत्साहाने पडद्याआड गेला. त्याला एकदाचं सगळ्या जगाला दाखवून द्यायचं होतं.

ती मांडीपाशी अडकली.

फ्रेममध्ये राहून कापड आटलं असेल, असं त्याला आधी वाटलं. त्याने जोर लावला तेव्हा शिवणीतून कर्र असा आवाज आला आणि तो थांबला. समोर आरसा होता. एरवी या आरशात तो चड्डी बघायचा. आज पहिल्यांदा त्याला चड्डीच्या वर कोण आहे ते दिसलं. पोट होतं, कमरेच्या दोन्ही बाजूंना वळ्या होत्या, आणि त्या एका आठवड्यातल्या नव्हत्या. डेपोची पँट दरवर्षी का घट्ट येते, जनीनने पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं का पाडली, हे सगळं त्याला एकदम आठवलं. मग त्याला ते "एक्याऐंशी" आठवलं, आणि कडक आलेलं इलॅस्टिक आठवलं, जे डेस्पिना दर खेपेला थोडं थोडं सोडायची आणि पुठ्ठाही तसाच कापून घ्यायची.

त्याला भयंकर राग आला. डेस्पिनाने आपल्याला वर्षानुवर्षं मूर्ख बनवलं, आणि आपल्यापायी सगळ्या जगाला. बाहेर जाऊन तिचं सगळं चव्हाट्यावर मांडावं असं त्याने ठरवलंही. तेवढ्यात पडद्याखाली त्याला तिचे बूट दिसले. पायांना सूज येते म्हणून ती पुरुषी, रुंद बूट घालायची. ते बूट पडद्याला अगदी चिकटून उभे होते.

"फाटली का?" तिने हळूच विचारलं.

"नाही."

"तशीच दे बाहेर. मी सांगते त्यांना काय ते."

ती काय सांगणार हे वॉरनला कळलं. ती खरं सांगणार होती. मग ग्लेन तिला ठेवणार नव्हता, आणि साठी उलटलेल्या, डोळ्यांची ऑपरेशनं झालेल्या कटिंगवालीला या शहरात दुसरं कोणी काम देणार नव्हतं. हे तिलाही माहीत होतं, आणि तरी ते बूट हलत नव्हते. वॉरनचा राग कुठे गेला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. नुसता दमल्यासारखा झाला.

त्याने अननसवाली चड्डी पुन्हा चढवली आणि निळी हातात घेऊन बाहेर आला. खोक्यावर चढला नाही.

"बसत नाही," तो म्हणाला. "मांडीच्या वर येत नाही."

ग्लेन हसायला लागला. त्याला ही थट्टा वाटली.

"हसू नकोस, ग्लेन. मी वाढलोय. हळूहळू वाढलो, म्हणून कुणाला दिसलं नाही. डेस्पिनाला मीच सांगायचो, इथे सोड, तिथे सोड. टेप लावला की पोटही आत ओढायचो. तिचं काम मला नीट बसवायचं, तेवढं तिने केलं."

डेस्पिनाने तोंड उघडलं. "गप्प बस गं," वॉरन म्हणाला. "टाचण्या गिळशील."

खालच्या मजल्यावरची यंत्रं माडीवर ऐकू येत होती. सिएनाच्या डोक्यात आता उजेड पडला होता. वॉरन वाढला की मीडियम वाढला, आणि मीडियम वाढला की त्याच्या मागोमाग स्मॉल, लार्ज सगळे वाढले. एक माणूस मरुब्राला चोरून सॉसेज खात होता आणि रिओत लोकांच्या चड्ड्या उतरत होत्या. तिने टेप उचलला आणि स्वतः वॉरनच्या कमरेला लावला. तिला ते करताना अवघडल्यासारखं झालं, पण तिने आकडा मोठ्यानेच वाचला. "शहाण्णव."

लिंडमन बाई म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला मात्र तुमचा मीडियम फार आवडतो, मिस्टर टुली. गेल्या वर्षी पहिल्यांदा घातला तेव्हा घरभर फिरून सांगत होता की तो पुन्हा मीडियम झाला." मग त्यांनी हात पुढे केला आणि वॉरनने, उघड्या अंगाने, तो हातात घेतला.

लिंडमन बाईंची दुकानं टिकली. जुन्या निळ्या चड्डीवरून नवा पुठ्ठा कापला गेला आणि तो अंगावर बघायला एका एजन्सीतून कोवळा पोरगा आला, जो फोनमधून डोकं वर काढत नसे. ग्लेनने वॉरनला बिअरची एक पेटी दिली, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला की तू समजून घेशील. वॉरनने समजून घेतलं, म्हणजे तसं म्हणाला. त्या संध्याकाळी जनीनने काही न विचारता सॉसेज तळली आणि त्याने पहिलं उभ्यानेच खाल्लं. जाड होण्याचं त्याला काही वाटत नव्हतं. अर्धा क्लब त्याच्याहून जाडा होता. आपण सगळ्या जगाच्या बरोबर मध्ये उभे होतो आणि आता नाही, याचं त्याला वाईट वाटत होतं, आणि हे सांगितलं तर लोक हसतील याचं आणखी वाईट वाटत होतं. क्लबात कुणी मीडियम म्हटलं की तो खरोखरचा चिडू लागला. मंगळवारी घरात बसून तो टीव्हीवर खेकसायचा.

डिसेंबरात एका दुपारी त्याच्या बसमध्ये डेस्पिना चढली. ती राहायची भलतीकडे, या बसने तिला कुठेच जायचं नव्हतं. तिने कार्ड टेकवलं आणि पुढेच, त्याच्या पाठीशी, दांडी धरून उभी राहिली.

"चालकाशी बोलू नये," वॉरन रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "पाटी लावलीय तिथे."

"वाचता येतं मला." तिने दांडीवरचा हात बदलला. "तू खोटं का बोललास?"

"आधी तू का बोललीस? इतकी वर्षं? सरळ सांगायचं, वॉरन, तुझं पोट सुटलंय."

"सांगितलं असतं तर त्यांनी तुला काढलं असतं. मग दर मंगळवारी मी कोणाशी भांडले असते? त्या फोनवाल्याशी? तो तर काचलं तरी बोलत नाही."

सिग्नल सुटला. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा कुठे वॉरनने बस हलवली. पुढच्या थांब्यावर डेस्पिनाने त्याच्या डबा ठेवायच्या कप्प्यात एक पुडकं सारलं आणि उतरली. उलट्या दिशेची बस पकडायला ती रस्ता ओलांडताना त्याला आरशात दिसली, रुंद बुटांत डुलत डुलत चाललेली.

पुडकं त्याने रविवारी उघडलं, किनाऱ्यावर, जनीनसमोर. पोहायची चड्डी होती, अननसवाल्या कापडाची. त्याने ती धरून पाहिली आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन घातली. कुठे सुरकुती नाही, कुठे चिमटा नाही. बाहेर आल्यावर तो पाण्याकडे चालू लागला, पाठ ताठ, पोट जसं होतं तसं.

"थांब जरा," जनीन मागून म्हणाली. "लेबल बाहेर आलंय."

"काय लिहिलंय?" त्याने मान न वळवता विचारलं. आता डेस्पिनाला आकडा लपवायचं कारण उरलं नव्हतं. मोठाच आकडा असणार, हे त्याने मनाशी धरून ठेवलं होतं.

जनीनने चष्मा डोक्यावरून खाली ओढला आणि वाचलं. मग तिने ते लेबल बोटाने हलकेच आत सारलं.

"मीडियम," ती म्हणाली. "जा आता. पाणी चांगलं आहे."